नांगराखालचा खंदक

लोणावळ्याजवळच्या तुंगार्लीहून राजमाचीच्या वाटेला लागलेल्या माणसाला इतिहास शोधावा लागत नाही. वाटेच्या शेवटी श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले आहेत. मागे वळलं तर लोहगड आणि विसापूर दिसतात. खाली इंद्रायणीच्या खोऱ्यात कार्ले आणि भाजे, डोंगरापलीकडे पवनेच्या बाजूला बेडसे. मावळातला इतिहास दगडात कोरलेला, उभा आणि ठसठशीत आहे. दोन हजार वर्षांचा पाऊस झेलूनही कार्ल्याचा चैत्य अजून उन्हाळी पर्यटकांना गार सावली देतो.

या खोऱ्यातल्या शेतीचा सर्वांत जुना लेखी उल्लेखही दगडावरच आहे. कार्ल्याच्या शिलालेखांमध्ये ‘मामाल’ नावाच्या प्रदेशाचा उल्लेख येतो, आणि त्या प्रदेशातलं करजिक नावाचं गाव लेण्यातल्या भिक्षुसंघाला दान दिल्याची नोंद आहे. मामाल म्हणजे आजचं मावळ. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात इथे कसलेली जमीन होती, तिला धनी होते आणि तिचं उत्पन्न कोणाला द्यायचं हे राजा ठरवत होता, एवढं या चार ओळींतून कळतं.

पण पुणे जिल्ह्यातला शेतकरी त्याहून दीड हजार वर्षांनी जुना आहे. त्याने दगड कोरला नाही. मातीच्या कुडाची घरं बांधली, मातीचा तट घातला, मातीत खंदक खणला. म्हणून त्याचं गाव पाहायला लोणावळ्याकडे पाठ फिरवून पूर्वेला उतरावं लागतं, पाऊस जिथे कमी कमी होत जातो त्या दिशेने.

हा पावसाचा फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. लोणावळ्यात वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला, शिरूर तालुक्यात, तो चारशे-पाचशे मिलिमीटरवर येतो. लोहयुगाआधीच्या शेतकऱ्याच्या हातात तांब्याची मोजकी हत्यारं आणि दगडाची पाती होती. मावळचं दाट रान तोडणं, धुऊन निघालेल्या तांबड्या मातीत जव पिकवणं त्याला परवडणारं नव्हतं. त्याने पर्जन्यछायेतला नदीकाठ निवडला. तिथे रान विरळ होतं, गाळ खोल होता आणि ओल धरून ठेवणारी काळी जमीन होती. या शेतकऱ्यांच्या संस्कृतीला जोर्वे संस्कृती म्हणतात; तिची दोनशेहून अधिक ठिकाणं महाराष्ट्रात नोंदली गेली आहेत. ती तापी, गोदावरी-प्रवरा आणि भीमेच्या खोऱ्यांत विखुरलेली आहेत. कोकणची किनारपट्टी त्यांत नाही.

गावकऱ्याला असं ठिकाण ओळखायला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. नदीच्या वळणावर, काळ्या रानाच्या मधोमध, एखादा उंचवटा फिकट राखाडी दिसतो. नांगरताना तिथली माती भुसभुशीत लागते, पावसानंतर तिथे खापरं वर येतात. त्याला पांढरी म्हणतात. जिथे पिकतं ती काळी आणि जिथे माणूस राहतो ती पांढरी, ही विभागणी महाराष्ट्रातल्या गावगाड्याइतकी जुनी आहे. पांढरीचा रंग येतो तो चुलींची राख, शेण, हाडं, कुजलेलं गवत आणि पडलेल्या भिंती यांच्या शतकानुशतकांच्या मिश्रणातून. त्यात फॉस्फरस भरपूर असतो. म्हणून शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पांढरीची माती गाड्या भरभरून शेतात खत म्हणून टाकत आला. धाब्याच्या घरांच्या छपरावर घालायलाही पांढरी माती लागे. दख्खनमधली कितीतरी टेकाडं अशी घमेल्या-घमेल्यांनी खाली आली, आणि ती खणणाऱ्यांच्या मनात काहीच वाईट नव्हतं.

अशाच एका टेकाडावर, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठावर, इनामगाव इथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ मध्ये काम सुरू केलं. हसमुख सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली ते १९८३ पर्यंत चाललं. त्याआधी जोर्वे, नेवासे, चांडोली अशी उत्खननं झाली होती. त्यांतून कोणत्या थरावर कोणता थर आहे, कोणती भांडी आधीची आणि कोणती नंतरची, हा क्रम बऱ्यापैकी हाती आला होता. खोल आणि अरुंद चर घेतला की क्रम कळतो. पण त्या चरात घराचा एक कोपरा दिसतो, गल्ली दिसत नाही. चूल दिसते, शेजार दिसत नाही. इनामगावला ठरवून उलटं केलं गेलं. मुख्य टेकाडावर नंतरच्या काळात कोणी वस्ती केली नव्हती, त्यामुळे सर्वांत वरची घरं जमिनीच्या पृष्ठभागाखाली लगेचच होती. ती आडवी, विस्ताराने उघडायची आणि अख्खं गाव वाचायचं, असा तो बेत होता. भारतात प्रागैतिहासिक खेडं इतक्या चिकाटीने क्वचितच उघडलं गेलं आहे.

जे दिसलं ते असं. साधारण इ.स.पू. १६०० ते १४०० या काळात माळवा संस्कृतीचे लोक इथे राहत होते. मग इ.स.पू. १००० पर्यंत पूर्व-जोर्वे आणि इ.स.पू. ७०० पर्यंत उत्तर-जोर्वे. सव्वाशेहून अधिक घरं मिळाली. पूर्व-जोर्वे काळातली घरं चौकोनी, बुटक्या मातीच्या भिंतींची, वर कुड आणि गवती छप्पर असलेली. त्यांच्यात एक घर पाच खोल्यांचं, आणि त्याला लागून धान्याचं कोठार. कुंभार, सोनार, चुना भाजणारा, हस्तिदंताचं काम करणारा, अशा कारागिरांची घरं वस्तीच्या पश्चिमेच्या कडेला. जव हे मुख्य पीक, जोडीला गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा. जोर्वेची भांडी तर हातात घेतली की विसरत नाहीत. तांबूस-नारिंगी अंग, त्यावर काळ्या रेघांची नक्षी, आणि टिचकी मारली की धातूसारखा खणखणीत आवाज.

मृतांना घरातच ठेवायची रीत होती. लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यात त्याला ठेवून, घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाला उत्तर-दक्षिण आडवं निजवत आणि त्याची पावलं घोट्याखाली तोडत. का, याचं एक स्पष्टीकरण असं की त्याने कुठे निघून जाऊ नये, घराच्या आसपासच राहावं. पाच खोल्यांच्या त्या घराच्या अंगणात मात्र चार पायांचा एक मोठा मातीचा रांजण निघाला. त्यात गुडघे मुडपून बसवलेला पुरुष होता आणि त्याची पावलं शाबूत होती. तो गावाचा प्रमुख असावा, असं उत्खनकांचं मत. घर, कोठार आणि पावलं या तीन गोष्टी एकाच जागी येतात, तेव्हा ते मत पटतं.

या सगळ्याभोवती तट होता.

तटाचा पाया दगडगोट्यांचा आणि वरचं काम मातीचं. त्याच्या बाहेर खंदक. शिवाय नदीच्या पुराचं पाणी वळवून नेणारा एक कालवा आणि त्याच्या कडेने दगडमातीचा बांध. काही हेक्टरांचं खेडं, घराघरांत जात्याआधीचे पाटे-वरवंटे, आणि त्यांनी एवढी माती हलवली ती तांब्याच्या, दगडाच्या नि लाकडाच्या हत्यारांनी. घर एक कुटुंब बांधतं. खंदकाला सगळं गाव एकाच वेळी, एकाच रेषेवर उतरावं लागतं. कोणीतरी रेषा आखावी लागते, कोणी किती खणायचं ते ठरवावं लागतं, आणि खणणाऱ्यांना त्या काळात पोटाला धान्य द्यावं लागतं. कोठार आणि खंदक यांचा संबंध इथे आहे. पाच खोल्यांचं घर पाहून ‘प्रमुख’ हा शब्द सुचतो, पण त्या शब्दाला वजन येतं ते खंदकामुळे.

तट कशासाठी होता? शत्रूसाठी, असं पहिलं उत्तर मनात येतं. पण घोडेला पूर येतो, आणि वस्ती ऐन काठावर आहे. पुरापासून बचाव हे दुसरं उत्तर. तिसरं म्हणजे गुरं. इनामगावकरांचं पोट शेतीइतकंच गुराढोरांवर होतं, आणि रात्री गुरं आत घेऊन दार बंद करता येणं ही पशुपालकाची पहिली गरज असते. तिन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात. त्यांतलं कोणतं किती खरं, हे सांगण्याची ताकद तटापेक्षा खंदकात जास्त असते, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे.

तट म्हणजे जमिनीच्या वर आलेली माती. ती पावसाने ओघळते, गुरांनी तुडवली जाते, नांगराने पसरते. काही शतकांत तिची उंची जाते, आणखी काहींत ती शेताच्या उतारात मिसळून जाते. खंदक म्हणजे जमिनीतून काढून घेतलेली माती. तोही बुजतो, पण जिथे होता तिथेच राहतो. त्याच्या तळाशी आधी बारीक गाळ बसतो. मग कडा ढासळतात. मग तटाची माती आणि दगड आत येतात. त्यावर हळूहळू वाऱ्या-पावसाने आणलेला थर, आणि सगळ्यांत वर नांगराची माती. या थरांचा छेद घेतला की तळाशी साचलेलं पाणी होतं की वाहतं पाणी, खंदक वेळोवेळी उपसला होता का, तट हळूहळू खचला की एका झटक्यात पडला, हे वाचता येतं. वर बांधलेलं नष्ट होतं, खाली खणलेलं टिकतं. नांगरून सपाट झालेल्या प्रत्येक वेढ्याचं, म्हणजे तट-खंदकाने घेरलेल्या जागेचं, पुरातत्त्व या एका नियमावर चालतं.

युरोपात हा नियम आकाशातून शिकला गेला. इंग्लंडमध्ये स्टोनहेंजजवळच्या एका शेतात एक वर्तुळाकार, नांगराने घासून बुटका झालेला उंचवटा होता. तो एखादं जुनं थडगं असावं, असा समज होता. १९२५ च्या डिसेंबरात गिल्बर्ट इन्सॉल या वैमानिकाने विमानातून जाताना त्यात पांढरे ठिपके पाहिले. पुढच्या उन्हाळ्यात त्याच शेतात गहू उभा असताना तो पुन्हा वरून गेला, तेव्हा एकात एक अशी ठिपक्यांची वर्तुळं पिकात स्पष्ट उमटली होती. मॉड कनिंग्टन यांनी १९२६ पासून तिथे उत्खनन केलं. प्रत्येक ठिपका म्हणजे लाकडी खांबाचा खड्डा निघाला, आणि भोवती खंदक. आज ती जागा वुडहेंज म्हणून ओळखली जाते. जर्मनीत गोझेक इथे १९९१ मध्ये हवाई पाहणीत असाच एक वेढा सापडला. सुमारे पंचाहत्तर मीटर व्यासाचा, इ.स.पू. ४९०० च्या सुमाराचा. शेतात उभं राहून पाहणाऱ्याला तिथे काहीही दिसत नव्हतं.

पिकात हे उमटतं ते असं. बुजलेल्या खंदकात माती खोल आणि भुसभुशीत असते, ती ओल जास्त धरते. कोरड्या दिवसांत आजूबाजूचं पीक पिवळं पडतं तेव्हा खंदकावरचं हिरवं राहतं. गाडलेल्या दगडी पायावर याच्या उलट घडतं, तिथलं पीक खुरटतं. म्हणून दुष्काळी वर्ष हे अशा शोधाचं सुगीचं वर्ष. २०१८ च्या जुलैत आयर्लंडमध्ये बॉइन नदीच्या खोऱ्यात कडक उन्हाळा पडला. न्यूग्रेंजच्या प्रसिद्ध थडग्याजवळ ड्रोन उडवणाऱ्या दोघांना शेतात एक प्रचंड वर्तुळाकार वेढा दिसला. शंभर वर्षं संशोधकांची ये-जा असलेल्या त्या परिसरात तो तोवर कोणाच्याही नजरेला आला नव्हता.

महाराष्ट्रात मात्र ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचं खापर भेगेतून खाली जातं, खालची माती वर येते. जमीन स्वतःच स्वतःला कालवत राहते, आणि खंदकाची रेघ पुसट होते. खरिपात पाऊस असतो, त्यामुळे ओलीचा फरक दिसत नाही. उसाला बारमाही पाणी मिळालं की दिसायची शक्यताच संपली. राहतो रब्बीचा हंगाम. परतीच्या पावसाची जमिनीत मुरलेली ओल, तेवढ्यावर वाढणारी ज्वारी आणि वरून पाण्याचा थेंब नाही. तत्त्वाने पाहिलं तर पाऊस कमी झालेल्या वर्षी जानेवारीतली जिरायत ज्वारी ही वुडहेंजच्या गव्हाला सर्वांत जवळची. भीमा-घोडेच्या खोऱ्यात जिथे अजून कोरडवाहू ज्वारी आहे, तिथे त्या महिन्यात ड्रोन उडवणं, हे काम आज कोणत्याही विद्यापीठाच्या खिशाला परवडणारं आहे. बागायत जितकी वाढेल, तितकी ही संधी आक्रसत जाईल.

पिकाने साथ दिली नाही तर दुसरे मार्ग आहेत. मॅग्नेटोमीटर घेऊन शेतात समांतर चालत गेलं की जळालेली माती, भट्ट्या आणि बुजलेले खड्डे चुंबकीय फरकाने ओळखू येतात. दख्खनचा बेसाल्ट स्वतःच चुंबकीय असल्यामुळे इथे ही वाचनं जपून लावावी लागतात. त्याहून साधा उपाय म्हणजे शेतात दोऱ्यांनी चौकोन आखून प्रत्येक चौकोनातली खापरं मोजणं. नांगर खापरं ओढून नेतो, पण पहिल्या काही दशकांत ती मूळ जागेपासून फार लांब जात नाहीत. मोठे तुकडे वर येतात, बारीक खाली राहतात, आणि वर दिसतं ते नांगरलेल्या थरातल्या एकूण मालाचा अगदी थोडा भाग असतं. हे हिशेबात धरलं तर खापरं कुठे दाट आहेत नि कुठे अचानक संपतात, यावरून वस्तीची कड सापडते. आणि कड सापडली की खंदक कुठे शोधायचा ते कळतं.

आता नांगराकडे येऊ, कारण या प्रकरणात तो आरोपीही आहे आणि साक्षीदारही. भीमेच्या खोऱ्यातच वाळकी नावाचं जोर्वे काळातलं छोटं ठिकाण आहे. तिथे हाडापासून केलेला नांगराचा फाळ सापडला. गुरांच्या हाडाने गुरांकडून जमीन उकरून घेणारे ते लोक होते. असा फाळ जमीन ओरखडतो, उलथत नाही. बाभळीच्या लाकडी नांगरानेही पुढची तीन हजार वर्षं याहून फार खोल काही केलं नाही. वीतभर वरची माती हलायची आणि तिच्याखालचं गाव निवांत असायचं. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवले तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल या भीतीने शेतकरी ते घ्यायला कचरत. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे तो नांगर महाराष्ट्रभर गेला. हरळी-कुंदा मुळासकट काढणारं ते अवजार शेतकऱ्याच्या दृष्टीने वरदान होतं. त्या काळी पांढरीच्या पोटातल्या घरांचा विचार कोणी करावा, अशी अपेक्षाही करता येत नाही.

खरी उडी ट्रॅक्टरने मारली. पलटी नांगर फूट-दीड फूट खाली जातो. ज्या घरांची जमीन पृष्ठभागाखाली वीतभरावर आहे, तिचा एका नांगरटीत चुरा होतो. चूल, खांबाचे खड्डे, तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी, सगळं एकाच रंगाच्या ढेकळांत. त्यानंतर रोटाव्हेटर ती ढेकळं बारीक करतो. आणि जेसीबीने सपाटीकरण झालं तर टेकाडच उरत नाही. उंचवट्याची माती खोलगटात जाते, म्हणजे खंदकाच्या खुणा आणि तटाचे अवशेष एकमेकांत मिसळतात. नांगराने तीन हजार वर्षांत जे केलं नाही ते एका दुपारी होतं. तुंगार्ली-लोणावळ्याच्या माळांवर बंगल्यांसाठी जमीन सपाट करणारी यंत्रं हेच काम वेगळ्या कारणाने करतात.

शेतकऱ्याला दोष देऊन इथे काही साधत नाही. त्याच्या नावावर दोन एकर असतात, त्यांतला अर्धा एकर पांढरीचा, चढाचा, पाणी न बसणारा. तो त्याला सपाट हवाच असतो. राज्याचा १९६० चा आणि केंद्राचा १९५८ चा कायदा संरक्षित घोषित झालेल्या स्थळांना कवच देतो. पण ज्या टेकाडाची नोंदच झालेली नाही त्याच्यापर्यंत तो पोचत नाही. नोंद ही पहिली पायरी आहे, आणि महाराष्ट्रात ती अजून गावोगाव व्हायची आहे.

विदर्भातला अनुभव या बाबतीत डोळे उघडणारा आहे. नागपूरच्या परिसरात लोहयुगातल्या लोकांनी आपल्या मृतांभोवती मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळं रचली. काटोल रस्त्यावरच्या जुनापाणी इथली वर्तुळं रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये लिहून प्रसिद्ध केली, त्यांच्या धोंड्यांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांसकट. माहुरझरीला शां. भा. देव यांच्या उत्खननात तांब्याच्या शिरोभूषणांसह पुरलेले घोडे मिळाले. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. ही वर्तुळं मातीची नाहीत, चांगली दगडाची आहेत, तरी त्यांनाही नांगर चुकलेला नाही. वर्तुळ शेतात आलं की धोंडे बांधाला जातात, विहिरीला जातात, क्रशरला जातात. मागे राहते ती आत भरलेल्या मातीची आणि गोट्यांची एक फिकट तबकडी. ज्याला काय पाहायचं ते माहीत आहे त्याला ती नांगरटीनंतर ओळखू येते. धोंड्यांखालचं दफन बहुधा त्याच जागी असतं. म्हणजे इथेही वर रचलेलं गेलं, खाली खणलेलं राहिलं.

तटाची दुसरी मोठी गोष्ट गोदावरी खोऱ्यातली आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. भा. प. बोपर्डीकर यांनी ते १९५८ मध्ये शोधलं, आणि त्याच हंगामात म. न. देशपांडे यांनी पहिलं उत्खनन केलं. १९७४ मध्ये तिथल्या एका भिल्ल रहिवाशाला झाडाचं मूळ खणून काढताना काशाच्या चार वस्तू मिळाल्या. बैलांची जोडी जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त. त्या दर्जाचं ओतकाम त्या काळातल्या भारतात दुसरं नाही. पण त्या कोणत्या थरातल्या? खणताना ते पाहायला कोणी नव्हतं. उत्तर हडप्पा काळातल्या म्हणणारे आहेत, त्यांना बऱ्याच नंतरच्या मानणारेही आहेत. वस्तू डोळ्यांसमोर आहेत, पण त्यांच्याभोवतीची माती गेली आणि वाद पन्नास वर्षं चालू राहिला.

या वस्तूंचा थर शोधायचा म्हणून १९७५ ते १९७९ अशी सलग उत्खननं एस. ए. साळी यांनी केली. सुमारे वीस हेक्टरांच्या त्या विस्तारात एकावर एक पाच संस्कृतींचे थर लागले, सावळदापासून जोर्वेपर्यंत. आणि जोर्वेच्या थरात मातीची तटबंदी मिळाली, बुरुजांसकट. घोडेवरचं इनामगाव आणि प्रवरेवरचं दायमाबाद, दोन वेगळ्या खोऱ्यांतल्या या दोन मोठ्या वस्त्यांना एकाच काळात तट लागतात, हा योगायोग वाटत नाही. तापीच्या खोऱ्यातलं प्रकाशे हे तिसरं मोठं ठिकाण. प्रत्येक खोऱ्यात एक मोठं गाव आणि भोवती लहान वस्त्या, अशी रचना दिसते.

अडचण त्या लहान वस्त्यांची आहे. दायमाबादची पांढरी कित्येक मीटर जाड आहे. वरचा दीड फूट गेला तरी खाली बरंच उरतं. वाळकीसारख्या ठिकाणाची जाडी मुळातच थोडी असते. चार-सहा घरं, दोन-तीन पिढ्या, मग जागा सोडलेली. अशा वाडीला एक पलटी नांगरट पुरते. इ.स.पू. १००० नंतर इनामगावला जे झालं त्यामुळे हा मुद्दा आणखी महत्त्वाचा ठरतो. तिथली चौकोनी घरं गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. शेती घटली, शिकारीच्या जनावरांची हाडं वाढली. पाऊस कमी झाला असावा, असं उत्खनकांनी मांडलं. इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव रिकामं झालं. ती माणसं गेली कुठे? फिरत्या गुराख्यांच्या अशाच पातळ, वीतभर जाडीच्या मुक्कामांवर गेली असणार, पण नेमके तेच मुक्काम आधी नांगरले जातात. मोठ्या टेकाडांवरून लिहिलेला इतिहास मोठ्या गावांचा होतो, प्रमुखाचा आणि कोठाराचा होतो. ज्यांच्याकडे तट नव्हता त्यांचा पुरावा सर्वांत वर होता आणि तोच सर्वांत आधी गेला.

म्हणून पाहणीचा हंगाम गाठणं महत्त्वाचं. उन्हाळी नांगरट झालेली असते, ढेकळं तापून फुटलेली असतात, आणि मृगाच्या एक-दोन चांगल्या सरींनी खापरांवरची माती धुऊन जाते. पेरणीपर्यंत मध्ये आठ-दहा दिवस मिळतात. त्या दिवसांत शेतमालकाला विचारून बांधाबांधाने चालावं. फिकट मातीचा पट्टा दिसला तर गट क्रमांक, नदीपासूनचं अंतर आणि पट्ट्याची लांबी-रुंदी टिपून घ्यावी. खापर उचलण्याआधी जागेवरच त्याचा फोटो काढावा, शेजारी मोजपट्टी ठेवून. नांगर किती खोल घातला ते ट्रॅक्टरवाल्याला विचारावं, कारण त्याला ते इंचात माहीत असतं, आणि कोणत्या शेतात फाळ दगडाला लागला, कुठे माती एकदम मऊ लागली, हेही तोच सांगू शकतो. ही माहिती पुण्यात डेक्कन कॉलेजकडे किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे लेखी पाठवावी, मालकाच्या संमतीने. पेरणी झाली की पुढची पाहणी वर्षभराने.